दात भरण्याआधीची पाच मिनिटे

सायकलचे पंक्चर निघताना ज्याने शेजारी उभे राहून पाहिले आहे, त्याला चिकटण्याचे अर्धे शास्त्र ठाऊक असते. कारागीर ट्यूब पाण्यात बुडवून छिद्र शोधतो, ती जागा कोरडी पुसतो, पॉलिश पेपरने घासून खडबडीत करतो, सोल्युशनचा पातळ हात फिरवतो आणि ते सुकेपर्यंत थांबतो. ठिगळ दाबायला लागतात दोन सेकंद; बाकी सगळा वेळ तयारीचा. गिऱ्हाइकाच्या घाईपायी ओल्या ट्यूबवर ठिगळ दाबले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा जाते आणि ठिगळच वाईट होते असे म्हटले जाते. दंतवैद्याच्या खुर्चीतही बऱ्याचदा हेच घडते.

'दात भरून' आलेले कोणी ना कोणी आता प्रत्येक घरात असते. भरलेले सिमेंट निघाले, भरल्यावर गार पाणी लागते, भरलेल्या जागेखाली पुन्हा कीड लागली, या तक्रारीही तितक्याच ओळखीच्या आहेत. अशा वेळी संशय जातो तो सिमेंटवर. हलके वापरले असेल, स्वस्तातले असेल, असे आपण म्हणतो. सिमेंट कोणते, हा प्रश्न गैरलागू नाही. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही: ते ज्या पृष्ठभागावर बसवले, तो पृष्ठभाग चिकटण्यासाठी तयार केला होता का आणि त्या तयारीला पुरेसा वेळ दिला होता का?

हा प्रश्न आता निकडीचा झाला आहे, कारण दाढेत 'चांदी' भरण्याचा काळ संपत आला आहे. ही चांदी म्हणजे अमाल्गम. त्यात चांदी, कथील आणि तांबे यांची पूड असते आणि वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. पाऱ्याच्या विषबाधेने ज्या जपानी गावाचे नाव जगभर झाले, त्या मिनामाताच्या नावाने २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. दातांतील अमाल्गमचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करणे हा या कराराचा भाग आहे. दुधाचे दात, पंधरा वर्षांखालील मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्यासाठी, दंतवैद्याला अगदी आवश्यक वाटल्याखेरीज, ते वापरू नये असे सदस्य देशांनी २०२२ मध्ये ठरवले. युरोपीय संघाने तर जानेवारी २०२५ पासून, मोजके वैद्यकीय अपवाद सोडून, ते बंदच केले. दिशा स्पष्ट आहे आणि पर्यावरणाच्या दृष्टीने ती योग्यही आहे. अडचण एवढीच की अमाल्गमची जागा घेणारे साहित्य त्याच्याइतके सोशिक नाही.

अमाल्गम दाताला चिकटत नाही. ते खड्ड्यात अडकून बसते. अमेरिकी दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी १९०८ च्या आपल्या ग्रंथात दातातील खड्डा कसा कोरावा याचे नियम घालून दिले आणि पुढे कित्येक पिढ्या ते जगभर शिकवले गेले. तळाशी किंचित रुंद, तोंडाशी किंचित अरुंद असा खड्डा केला की भरलेला धातू बाहेर येत नाही. त्यासाठी निरोगी दातही कापावा लागे, हा या पद्धतीचा तोटा. फायदा असा की थोडी लाळ लागली, थोडी घाई झाली, तरी फिलिंग वर्षानुवर्षे टिके. गर्दीच्या सरकारी दवाखान्यात अमाल्गमने निभावून नेले ते या गुणामुळे. आता सर्रास वापरले जाणारे दाताच्या रंगाचे कंपोझिट, म्हणजे काचेची बारीक पूड मिसळलेले राळेसारखे रसायन, अडकून बसण्यावर अवलंबून नसते. ते चिकटते. त्यामुळे निरोगी दात कापावा लागत नाही, हा मोठा लाभ. पण चिकटले नाही, तर त्याला धरून ठेवणारे दुसरे काहीच नसते.

हे चिकटणे शक्य झाले ते एका साध्या निरीक्षणातून. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात मायकेल बुओनोकोरे हे दंतसंशोधक काम करत होते. धातूवर रंग किंवा राळेचा लेप नीट बसावा म्हणून कारखान्यांत आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे त्यांना माहीत होते. मग दातावरही तेच का करू नये? त्यांनी दाताच्या बाहेरच्या आवरणावर, म्हणजे एनॅमलवर, ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल तीस सेकंद लावले, धुतले आणि त्यावर ॲक्रिलिक चिकटवले. ते आधीपेक्षा कितीतरी घट्ट बसले. १९५५ साली हा छोटासा निबंध प्रसिद्ध झाला. आजच्या चिकटवण्याच्या दंतवैद्यकाची सुरुवात तिथून होते. आता हेच आम्ल साधारण ३५ ते ३७ टक्के तीव्रतेच्या, बहुधा निळ्या रंगाच्या जेलच्या रूपात वापरतात.

एनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. अतिसूक्ष्म स्फटिकांच्या कांड्या एकमेकींना लागून रचाव्यात, अशी त्याची घडण. आम्ल या कांड्या सगळीकडे सारख्या विरघळवत नाही. कुठे जास्त, कुठे कमी. त्यामुळे गुळगुळीत पृष्ठभागावर सूक्ष्म खाचा तयार होतात. आम्ल पाण्याने पूर्ण धुऊन जागा वाळवली की एनॅमल खडूसारखे पांढरट, निस्तेज दिसते. तयारी झाल्याची ती खूण. मग पातळ चिकटद्रव, ज्याला डॉक्टर 'बाँडिंग' म्हणतात, त्या खाचांत शिरतो आणि प्रकाशाने घट्ट होतो. हजारो बारीक मुळ्या जमिनीत रुजाव्यात, तशी ही पकड असते. एनॅमलवरचे हे काम नीट केले तर ते सहसा दगा देत नाही.

खरी परीक्षा त्याच्या आतल्या थराची, डेंटीनची. कीड खोल गेली की फिलिंगचा बराचसा भाग डेंटीनवरच बसतो. डेंटीन वजनाने सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय पदार्थ, मुख्यतः कोलॅजनचे धागे, आणि १० टक्के पाणी असते. ते जिवंत असते आणि ओले असते. त्यात दातातील नसेच्या दिशेने जाणाऱ्या सूक्ष्म नलिका असतात; एका चौरस मिलिमीटरमध्ये बाहेरच्या बाजूला सुमारे वीस हजार, तर नसेजवळ चाळीस हजारांहून अधिक. ड्रिल फिरवले की या नलिकांच्या तोंडावर भुकटीचा चिकट लेप बसतो. तो तसाच ठेवून वर सिमेंट लावणे म्हणजे न झाडलेल्या, धुळीने भरलेल्या भिंतीवर डिस्टेंपर फासणे. आम्लाने हा लेप निघतो, वरचे थोडे खनिज विरघळते आणि कोलॅजनची जाळी उघडी पडते. या जाळीत चिकटद्रव मुरला की दात आणि राळ यांचा एक मिश्र थर तयार होतो, हे जपानचे नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये दाखवले. त्याला हायब्रिड लेयर, म्हणजे संकरित थर, असे नाव मिळाले. फिलिंगची डेंटीनवरची सारी भिस्त काही हजारांश मिलिमीटर जाडीच्या या थरावर असते.

आणि इथेच पंक्चरचे उदाहरण अपुरे पडते. आम्ल धुतल्यावर डेंटीन हवेच्या झोताने खडखडीत वाळवले, तर उघडी पडलेली कोलॅजनची जाळी कोसळते. पाण्यात बुडवलेल्या रंगाच्या ब्रशचे केस मोकळे पसरलेले असतात, बाहेर काढताच ते एकमेकांना चिकटून बसतात. तसेच काहीसे होते. मग चिकटद्रवाला आत शिरायला वाट राहत नाही. उलट पाणी साचून राहिले, तरी चिकटद्रव पातळ होऊन नीट घट्ट होत नाही. आम्लाने धुतलेले डेंटीन ओलसर हवे. डबकेही नको आणि वाळवंटही नको. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील जॉन कान्का यांच्या कामातून ही गोष्ट पुढे आली. म्हणजे एकाच खड्ड्यात काठावरचे एनॅमल कोरडे आणि तळाचे डेंटीन ओलसर, अशी कसरत डॉक्टरांना करावी लागते. नलिका उघडल्या आणि नीट बंद झाल्या नाहीत, तर त्यांतील द्रव गार पाण्याने हलतो आणि कळ नसेपर्यंत जाते. 'भरल्यापासून गार लागते' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

ही कसरत सोपी व्हावी म्हणून पुढे स्वतःच सौम्य आम्लाचे काम करणारे चिकटद्रव आले. ते धुवावे लागत नाहीत. त्यांतील काहींमध्ये असलेला १०-एमडीपी हा जपानमध्ये विकसित झालेला घटक दातातील कॅल्शियमशी थेट रासायनिक बंध जोडतो. गेल्या दीड दशकात दोन्ही पद्धतींनी वापरता येणारे 'युनिव्हर्सल' चिकटद्रवही आले आहेत. मात्र या सुधारणांमुळे तयारीची गरज संपलेली नाही. हे सौम्य द्रव एनॅमलवर कमी पडतात, म्हणून काठावरच्या एनॅमलला वेगळे आम्ल लावावेच लागते. द्रव नुसता लावून भागत नाही. बहुतेक उत्पादनांत तो सुमारे वीस सेकंद ब्रशने चोळावा लागतो, त्यातील द्रावक हलक्या हवेने उडवावा लागतो आणि मग प्रकाश द्यावा लागतो. बाटलीवरची ही सूचना पाळली नाही, तर महागडी बाटलीही निरुपयोगी ठरते.

या सगळ्यावर पाणी फिरवायला लाळेचा एक थेंब पुरतो. आम्लाने तयार केलेल्या पृष्ठभागावर लाळ लागली की तिच्यातील प्रथिनांचा थर काही सेकंदांत बसतो. तो नुसत्या हवेने जात नाही; धुऊन पुन्हा आम्ल लावावे लागते. रक्ताचे तर विचारायलाच नको. हिरड्या सुजलेल्या असतील, हात लावताच रक्त येत असेल, तर हिरडीलगतचे फिलिंग त्याच दिवशी करण्याचा हट्ट दातालाच महागात पडतो. आधी दातांची सफाई, हिरड्या बऱ्या होऊ देणे, मग फिलिंग, हा क्रम डॉक्टरांनी सुचवला तर तो फेऱ्या वाढवण्याचा डाव समजू नये. खड्ड्यात लवंग तेलातील युजेनॉल असलेले तात्पुरते सिमेंट भरलेले असेल, तर त्याचा अंश राळ घट्ट होऊ देत नाही. ते आधी काळजीपूर्वक काढावे लागते. दात पांढरे करणारे ब्लीचिंग नुकतेच केले असेल, तर साधारण दोन आठवडे थांबावे लागते. प्रकाश देणाऱ्या दिव्याच्या टोकावर जुन्या सिमेंटचे कण चिकटलेले असतील किंवा तो दातापासून दूर धरला, तर वरचा भाग कडक होतो आणि तळ कच्चा राहतो.

महाराष्ट्रातील काही दात या बाबतीत जरा अधिक हट्टी आहेत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातील फ्लोराइडमुळे दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. अशा एनॅमलचा बाहेरचा थर आम्लाला सहजी दाद देत नाही. तिथे नेहमीच्या पंधरा ते तीस सेकंदांत पुरेशा खाचा पडत नाहीत; आम्ल जास्त वेळ ठेवावे लागते किंवा वरचा पातळ थर आधी खरवडावा लागतो. दुसरे उदाहरण मिश्रीचे. वर्षानुवर्षे मिश्री किंवा भरड दंतमंजन बोटाने, ब्रशने घासून दातांच्या मानेशी खाच पडते. ती जागा काचेसारखी चकचकीत, पिवळसर आणि टणक दिसते. तिथल्या नलिका खनिजाने बुजलेल्या असतात आणि चिकटद्रवाला शिरकाव मिळत नाही. ही जागा ड्रिलने हलकीशी खडबडीत केल्याशिवाय सिमेंट लावले, तर ते काही महिन्यांतच निखळून हातात येण्याची शक्यता मोठी. पुस्तकातील आदर्श दातासाठी लिहिलेली सेकंदांची गणिते या दातांना जशीच्या तशी लागू पडत नाहीत. तिथे डॉक्टरांची नजर आणि वेळ, दोन्ही लागतात.

पण वेळेलाच तर किंमत नाही. दंतवैद्यकाच्या व्यवहारातली ही मूळ अडचण आहे. बिलावर 'फिलिंग' असा एकच शब्द असतो. लाळ अडवणे, धुणे, टिपणे, चोळणे, थांबणे यांचा त्यात उल्लेख नसतो. बहुतेक आरोग्य विम्यांत दातांचे नेहमीचे उपचार येत नाहीत, त्यामुळे खर्च थेट खिशातून होतो आणि रुग्ण साहजिकच दर विचारून दवाखाना निवडतो. दरांच्या या शर्यतीत पहिली कात्री लागते ती न दिसणाऱ्या कामाला. ज्या डॉक्टरांनी तयारीला पाच मिनिटे दिली आणि ज्यांनी एक दिले, त्या दोघांची फिलिंग्ज त्या दिवशी आरशात सारखीच सुंदर दिसतात. फरक कळतो दोन-तीन वर्षांनी, आणि तेव्हा दोष सिमेंटला किंवा नशिबाला दिला जातो.

या फरकाची किंमत दात मोजतो. दाढांतील कंपोझिट आणि अमाल्गम यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१४ मध्ये आढावा घेतला. त्यात कंपोझिट निकामी होण्याचे प्रमाण अमाल्गमच्या जवळपास दुप्पट आढळले, आणि फिलिंगखाली पुन्हा कीड लागणे हे त्याचे प्रमुख कारण होते. त्या चाचण्या जुन्या होत्या आणि साहित्य त्यानंतर बरेच सुधारले आहे, हे खरे. तरीही इशारा कायम आहे. निघालेले फिलिंग पुन्हा करताना दरवेळी दाताचा थोडा भाग जातो. लहान फिलिंगचे मोठे होते, मोठ्याचे रूट कॅनाल, त्यावर कॅप, आणि शेवटी दाढ काढणे. चाळिशीत दाढ गमावणाऱ्या अनेकांच्या कहाणीची सुरुवात विशीतल्या एका घाईच्या फिलिंगने झालेली असते.

मग करायचे काय? पहिली जबाबदारी सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची. अमाल्गम थांबवून कंपोझिटच्या नळ्या पाठवल्या म्हणजे बदल झाला, असे मानणे ही स्वतःची फसवणूक ठरेल. नळीबरोबर चालणारे सक्शन, रबर डॅम, दिव्याची ताकद मोजणारे उपकरण आणि रुग्णामागे पुरेसा वेळही द्यावा लागेल. रबर डॅम म्हणजे दात तेवढा बाहेर काढून बाकी तोंड झाकणारा रबराचा पातळ पडदा. सॅनफोर्ड बार्नम या न्यूयॉर्कच्या दंतवैद्याने १८६४ मध्ये तो वापरात आणला. दीडशे वर्षांनंतरही आपल्याकडे बहुतेक रुग्णांनी तो पाहिलेला नाही. त्याने फिलिंग अधिक टिकते याचे पुरावे अजून भक्कम नाहीत आणि कापसाचे बोळे व सक्शन नीट वापरूनही जागा कोरडी ठेवता येते. मुद्दा साधनाचा नसून लाळ अडवण्याचा आहे. पण एकट्याने, मदतनिसाशिवाय, बाहेर रांग खोळंबलेली असताना ते कसे साधावे?

जिथे हे साधणारच नाही, तिथे प्रामाणिक पर्याय उपलब्ध आहे. लंडनमधील सरकारी रसायनशास्त्र प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी विकसित केलेले ग्लास आयोनोमर सिमेंट दातातील कॅल्शियमशी स्वतःच रासायनिक बंध जोडते आणि थोडा ओलावा सहन करते. त्यालाही तयारी लागते, पण ती कमी: सौम्य पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल दहा ते वीस सेकंद लावायचे आणि धुवायचे. ड्रिल आणि वीज नसलेल्या ठिकाणी हातातील अवजारांनी कीड काढून हे सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. कंपोझिटइतके ते मजबूत आणि देखणे नाही. पण शाळेच्या शिबिरात, घरी अंथरुणाला खिळलेल्या आजीच्या तोंडात किंवा लाळ न आवरणाऱ्या लहान मुलाच्या दातात, घाईने चिकटवलेल्या कंपोझिटपेक्षा नीट बसवलेले ग्लास आयोनोमर केव्हाही बरे.

दुसरी जबाबदारी शिक्षणाची. दंत महाविद्यालयातील विद्यार्थ्याचे फिलिंग तपासताना त्याचा आकार आणि चकाकी पाहिली जाते. ते करताना जागा कोरडी होती का, आम्ल किती सेकंद लावले, द्रव चोळला की नुसता टेकवला, यालाही गुण हवेत. २०२३ च्या कायद्याने दंतशिक्षणासाठी नवा राष्ट्रीय आयोग स्थापण्याची तरतूद झाली आहे. अभ्यासक्रम आखताना पाऱ्यानंतरच्या काळाचा विचार त्याने करायला हवा. खासगी दवाखान्यांनीही दरपत्रकात केवळ सिमेंटची नावे न लावता आपण काय काय करतो ते रुग्णाला सांगावे. जादा वेळेचे जादा पैसे घेण्यात गैर काही नाही. वेळ न देता घेण्यात आहे.

तिसरी जबाबदारी आपली, रुग्णांची. डॉक्टरांना शास्त्र शिकवायला जाऊ नये, पण दोन-तीन गोष्टी जरूर विचाराव्यात: जागा कोरडी कशी ठेवणार, माझ्या हिरड्या आधी बऱ्या करायला हव्यात का, या दाढेला कोणते सिमेंट योग्य आणि का. काम सुरू असताना मध्येच तोंड मिटणे, जिभेने चाचपणे, चूळ भरण्यासाठी उठणे टाळावे. थुंकावेसे वाटले तर हात वर करून सांगावे. फोन वाजला तरी वाजू द्यावा. 'डॉक्टर, जरा लवकर आटपा, मला ऑफिस गाठायचे आहे' हे वाक्य तर खुर्चीत बसल्यावर उच्चारूच नये. वेळ नसेल तर दुसऱ्या दिवशी यावे.

पंक्चरवाल्याला आपण घाई करत नाही, कारण ओल्या ट्यूबवरचे ठिगळ उद्या निघणार हे आपल्याला दिसते. दाताच्या बाबतीत ते दिसत नाही, म्हणून घाई खपते. पारा गेला, याचे समाधान आहेच. पण त्याच्याबरोबर त्याचा सोशिकपणाही गेला. आता कंपोझिटचे फिलिंग टिकवायचे, तर ते भरण्याआधीची पाच मिनिटे डॉक्टरांनी द्यायला हवीत, रुग्णाने द्यायला हवीत आणि सरकारी दवाखान्याच्या वेळापत्रकातही त्यांना जागा हवी.